शब्दचर्चा : निसर्गचित्र, भूदृश्य की देखावा?

झुआकिम वाइरेदा (१८४३–१८९४) या स्पेनमधल्या कॅटलान चित्रकारावर टिपण लिहितेय. जन्म जिरोना शहरातला, पण रमला तो जवळच्या ओलोत गावात आणि चित्रंही बहुतेक त्याच मुलखाची. पहिल्याच वाक्यात अडलेय. 'लँडस्केप पेंटर'ला काय म्हणू? 'निसर्गचित्रकार' म्हणावं तर चित्रांत शेतं, गुरं, कामावरची माणसं. हा निसर्ग कसा?

— निसर्गचित्रकारच लिहा. रूढ आहे, कुणी अडखळणार नाही.

— रूढ आहे खरं, पण पान-फुलाच्या अभ्यासचित्रालाही आपण निसर्गचित्रच म्हणतो. 'भूदृश्य' नेमका आहे.

— नेमका आहे, पण भूगोलाच्या पुस्तकातला वाटतो. चित्रकार मंडळी सरळ 'रविवारी लँडस्केपला गेलो होतो' म्हणतात. 'भूदृश्याला गेलो' म्हणणारा अजून भेटायचाय!

— 'देखावा' का नको? जुना शब्द आहे.

— देखाव्यात आता गणपतीची आरास आली, शिवाय 'नुसता देखावा' हा टोमणाही. बिचाऱ्या वाइरेदाने काय पाप केलंय?

— लँडस्केपसाठीचा कॅटलान शब्द बघा : 'पाइझाज'. त्याच्या पोटात 'पाइस' आहे, म्हणजे देश, मुलूख. पण 'देश' इथे घाटावरचा माणूस म्हणतो त्या अर्थाने घ्या. शब्दात माणसाने वस्ती केलेली जमीन आधीच आहे, म्हणून गुरं आणि नांगर तिथे उपरे वाटत नाहीत. १८७१ मध्ये पॅरिसला जाऊन हा बार्बिझाँवाल्या फ्रेंच निसर्गचित्रकारांचं, कोरोचं काम बघून आला, तरी परतून रंगवलं ते ओलोतचंच. ज्वालामुखींचा प्रदेश, ओलसर हवा. 'ओलोतला पाऊस नाही तर कुठेच नाही' अशी तिकडे म्हणच आहे. त्या भागाचं नाव गारोचा, आणि गारोचा म्हणजे खडबडीत, पाय ठरत नाही अशी जमीन. 'निसर्ग' म्हटलं की हा सगळा पत्ताच पुसला जातो.

— पटलं. पण म्हणून 'मुलूखचित्रकार' लिहिणार का?

— नाही हो! शब्द 'निसर्गचित्रकार'च ठेवा, पुढच्या वाक्यात मुलूख आणा.

बरं, आणि 'ओलोत स्कूल', म्हणजे वाइरेदाभोवतीची ओलोतची चित्रकार मंडळी? 'ओलोत घराणं' चालेल?

— घराण्याला गुरू लागतो, गंडा लागतो. 'शाळा' लिहू नका; तिथे १७८३ पासून खरीखुरी चित्रशाळा होती, घोटाळा होईल.

— 'संप्रदाय'?

— अजिबात नको. १८८० मध्ये याच मंडळींनी संतांच्या मूर्ती घडवणारा कारखाना काढला. 'ओलोत संप्रदाय' वाचून लोक टाळ घेऊन निघतील.

ठरलं तर : 'वाइरेदा हा ओलोत परंपरेचा प्रवर्तक निसर्गचित्रकार. त्याने रंगवला तो मात्र नांगराखालचा मुलूख.'

— 'मात्र' काढा.