घरच्या संघाची मॅचसुद्धा पॅक मारूनच बघायची?

वाळपईकर
एफसी गोवा या आपल्या फुटबॉल संघाची मॅच संपते साडेनऊच्या सुमाराला. त्यानंतर मडगावच्या फातोर्डा मैदानावरून वाळपईला यायला बस नाही. स्वतःची गाडी नसेल तर सत्तरी, पेडणे, काणकोणच्या माणसाला संघ टीव्हीवरच भेटतो. आणि टीव्हीवरचा कारभार बघा. २०१४ पासून आयएसएल (इंडियन सुपर लीग, एफसी गोवा खेळतो ती फुटबॉल लीग) एका टीव्ही समूहाकडे होती, २०२३ मध्ये दुसऱ्याकडे गेली. इंग्लिश प्रीमियर लीग एका अॅपवर, चॅम्पियन्स लीग दुसऱ्यावर. ऑक्टोबर २०२५ मध्ये सौदीचा अल नस्र क्लब एफसी गोवाशी खेळायला फातोर्ड्याला आला आणि त्यासाठी तिसरं अॅप घ्यावं लागलं. त्या रात्री सोप्यावर मोबाइल धरून बसलो होतो. आपल्या ब्रायसन फर्नांडिसचा गोल झाला हे मला शेजारच्या घरातल्या आरडाओरड्यावरून कळलं. माझ्या स्क्रीनवर चक्र फिरत होतं.

हक्क विकायला माझा विरोध नाही. पण राज्याचा संघ त्या राज्यात तरी दूरदर्शनवर दिसलाच पाहिजे. २००७ चा कायदा आहेच: राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं थेट प्रक्षेपण हक्कधारकाला प्रसार भारतीला द्यावं लागतं. जाहिरातीच्या उत्पन्नातले ७५ टक्के हक्कधारकाचे, २५ टक्के प्रसार भारतीचे. कुणी बुडत नाही. याच धर्तीवर राज्यापुरती अशा सामन्यांची वेगळी यादी का करू नये?

रायबंदर
वाळपईकर, तुमची तळमळ पटते, उपाय पटत नाही. हक्कांना किंमत येते ती 'फक्त आमच्याकडेच' या दोन शब्दांमुळे. आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे हक्क ४८,३९० कोटींना गेले. तीच मॅच दूरदर्शनवरही दिसणार असती तर एवढे पैसे कोण मोजणार होतं?

आणि फुटबॉलची गोष्ट तर उलटीच आहे. भारतीय फुटबॉल महासंघाचा १५ वर्षांचा व्यावसायिक करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार होता. नव्यासाठी निविदा काढली, नोव्हेंबरमध्ये मुदत संपली तेव्हा एकही बोली आलेली नव्हती. हंगाम अधांतरी, खेळाडू हवालदिल. ज्या दुकानात गिऱ्हाईकच फिरकत नाही तिथे तुम्ही आणखी अटींची पाटी लावताय. शिवाय २०२३ ला हक्क बदलल्यावर अॅपवर आयएसएल फुकट होती, तेही सांगा की.

केबलवाला फोंडा
एक गोष्ट दोघांच्याही बोलण्यात आली नाही. कायद्याने दूरदर्शनला जे मिळतं ते केबलच्या घरात पोचत नाही. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की हे प्रक्षेपण दूरदर्शनच्या स्वतःच्या अँटेनावर आणि फ्री डिशवरच (दूरदर्शनची फुकटची छत्री) दाखवायचं, खाजगी केबलवर नाही. छपरावर छत्री लावलेल्या घरात भारताची वन-डे फुकट दिसते, आणि त्याच वाड्यावर माझं कनेक्शन असलेल्या घरात दिसत नाही. म्हातारी माणसं मला फोन करून विचारतात, "बाबा, दूरदर्शन लागलाय, पण मॅच का नाही?" शिव्या मी खातो. यादी वाढवा, पण हे भोक आधी बुजवा, नाहीतर गोव्यातल्या केबलच्या घरांना तिचा काडीचा उपयोग नाही.

वाळपईकर
केबलवाले भाऊ, हे बरं सांगितलंत. माझ्या मागणीत हेही धरा.

रायबंदरबाब, फुकटचं मान्य. पण ती कंपनीची मर्जी होती. आज फुकट, उद्या पॅक. प्रेक्षकाच्या हातात काहीच नाही. आणि बोली का आली नाही याचाही विचार करा. गोव्याचा धेंपो क्लब पाच वेळा देशाचा विजेता. चर्चिल, साळगावकर यांनीही देश जिंकलेला. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग आय-लीग या तेव्हाच्या राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले, कारण नव्या आराखड्यात आय-लीगला दुय्यम करून आयएसएल वर बसवायची होती. त्या लीगच्या उभारणीत टीव्ही कंपनी स्वतः भागीदार होती. गावागावात पिढ्यान् पिढ्या जोडलेला प्रेक्षक असा तोडला. जो खेळ लोकांच्या डोळ्यांसमोरून गेला, त्याच्यावर उद्या बोली लावणार कोण?

रायबंदर
एकाच कंपनीचा मक्ता नको म्हणाल तर इंग्लंडचा अनुभव बघा. १९९२ पासून प्रीमियर लीगच्या थेट मॅचेस स्काय या पैसे भरून बघायच्या वाहिनीकडे होत्या. युरोपियन कमिशनने आग्रह धरला की सगळं एकाच्या हातात नको, म्हणून २००७ पासून काही मॅचेस सेटांटा या दुसऱ्या कंपनीकडे गेल्या. झालं काय? प्रेक्षकाला दोन पॅक घ्यावे लागले, आणि २००९ मध्ये सेटांटा बुडाली. मला विचाराल तर एकच कंपनी, एकच माफक पॅक, हेच प्रेक्षकाला परवडतं.

सांतेरी
माफक कोण ठरवणार? दोन-तीन समूह होते तेव्हा निदान स्पर्धा होती. आता मोठे दोन समूह एकत्र आल्यावर आयपीएल बघायला दुसरा दरवाजाच उरला नाही.

वाळपईकर
इंग्लंडचंच उदाहरण पुढे नेतो. २००५ ची अॅशेस (इंग्लंड-ऑस्ट्रेलियाची कसोटी मालिका) तिथे चॅनेल ४ वर फुकट होती, सगळा देश बघत होता. २००६ पासून घरच्या कसोट्या स्कायकडे गेल्या. मग २०१९ च्या क्रिकेट विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंड पोचल्यावर स्कायनेच तो चॅनेल ४ वर फुकट दाखवू दिला. म्हणजे एक सामना खुला केल्याने धंदा बसत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे.

मी सगळी लीग मागत नाही. घरच्या संघाच्या मॅचेस, घरच्या राज्यात, दूरदर्शनच्या पणजी केंद्रावरून. पेडण्यातल्या पोराने मॅच बघितली म्हणून कोलकात्यातला कोणी आपला पॅक बंद करणार नाही. तुमचा मुद्दा निविदेचा. मग अट निविदेच्या कागदातच घाला, बोली लावणारा तिचा हिशेब धरूनच आकडा टाकेल. करार झाल्यावर मागायला गेलो तर कोणी दारात उभं करणार नाही.

रायबंदर
राज्यापुरतं म्हणाल तर विचार करता येईल. पण मॅच टिपायला कॅमेरे, माणसं, ओबी व्हॅन (मैदानावरून प्रक्षेपण करणारी गाडी) लागतात, तो खर्च हक्कधारकाच्याच डोक्यावर असतो. गोव्यापुरत्या प्रक्षेपणात जाहिराती किती मिळणार? ७५ टक्के कशाचे?

केबलवाला फोंडा
चवथीच्या दिवसांत फोंड्यातले दुकानदार माझ्या लोकल चॅनेलवर जाहिरात द्यायला रांग लावतात. एफसी गोवाच्या मॅचला देणार नाहीत असं मला वाटत नाही. एक हंगाम करून बघू दे, आकडे समोर येतील.