'सार्जंट पेपर' आवडत नाही: दोष मिक्सचा की गाण्यांचा?

बीटल्सचा १९६७ चा अल्बम 'सार्जंट पेपर' चारदा शेवटपर्यंत ऐकला. त्यांचा आधीचा अल्बम 'रिव्हॉल्व्हर' तोंडपाठ आहे, म्हणजे बँडशी वैर नाही. हा मात्र पातळ वाटतो. हेडफोनवर तर गाणं एका कानात, ठेका दुसऱ्या कानात. वेगळी आवृत्ती ऐकावी की नाद सोडावा?

प्रतिसाद १
बहुधा जुना स्टिरिओ मिक्स, म्हणजे सुटे आवाज डाव्या-उजव्या कानांत वाटून केलेली जुळणी, ऐकताय. २००९ चा रीमास्टर म्हणजे तोच मिक्स, फक्त साफसूफ केलेला. रेकॉर्डिंगचं मशीन चार ट्रॅकचं होतं, म्हणजे टेपवर चारच सुटे पट्टे. चारही भरले की ते एकत्र करून दुसऱ्या टेपच्या एक-दोन ट्रॅकवर उतरवायचे आणि वर पुढची वाद्यं चढवायची. एकदा मिसळलेलं परत सुटं होत नाही, म्हणून सगळा गठ्ठा एका कडेला. बँडने लक्ष घातलं ते मोनोत, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज असलेल्या मिक्सवर. स्टिरिओ नंतर झटपट उरकला. 'शीज लीव्हिंग होम' मोनोत अर्धा स्वर वर आणि जलद आहे, स्टिरिओत त्याचं पार रडगाणं होतं. २०१७ मध्ये जाइल्स मार्टिनने (मूळ निर्माता जॉर्ज मार्टिनचा मुलगा) नव्याने केलेल्या मिक्समध्ये मिसळण्याआधीच्या टेप वापरल्यात. हेडफोनसाठी तोच घ्या.

प्रतिसाद २
फोनमधलं 'मोनो ऑडिओ' चालू करून मोनो मिक्स मिळत नाही हं! फोन स्टिरिओच्याच दोन बाजू एकत्र करतो; त्या बेरजेत मधले आवाज पुढे येतात, कडेचे मागे पडतात. खऱ्या मोनोची खूण: शेवटून दुसऱ्या गाण्यात, म्हणजे पहिल्याच गाण्याच्या छोट्या पुनरावृत्तीत (रीप्राइज), अखेरीस मॅकार्टनीचं ओरडणं स्पष्ट ऐकू येतं. आणि तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा लावा, नाहीतर जो मोठा तोच चांगला वाटतो.

प्रतिसाद ३
मिक्स बदलला म्हणून चाली बदलत नाहीत. ज्या 'संकल्पने'चा (अख्खा अल्बम म्हणजे एका काल्पनिक बँडचा कार्यक्रम) गाजावाजा होतो ती पहिली दोन गाणी आणि रीप्राइज, बाकी सगळं सुटं. त्याच सत्रांतली 'स्ट्रॉबेरी फील्ड्स' आणि 'पेनी लेन' फेब्रुवारीत सिंगल म्हणून गेली, अल्बमबाहेर राहिली. ती बाहेर आणि 'व्हेन आय ॲम सिक्स्टी-फोर' आत! पातळ वाटणारच. फक्त 'विदिन यू विदाउट यू' गाळून पुढे जाऊ नका. दिलरुबा गळ्यामागून कसा जातो ते ऐका. मधल्या वाद्यांच्या तुकड्यात लय पाचाच्या हिशेबात जाते, तिथे मात्रा मोजून बघा.

मूळ प्रश्नकर्ता
२०१७ चा लावला. ड्रम जागेवर आले, दिलरुबाही पटला. 'लव्हली रिटा' तरीही नको.