मदत हवी आहे: वडिलांचा उजवा पाय रात्रभर दुखतो, अ‍ॅक्युपंक्चर करावं का? (माजी सैनिक)

तडवळेकर
आण्णा मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त. उजव्या पायाची बोटं रात्री पिळवटल्यासारखी दुखतात, तळव्याची आग होते. त्यांना झोप नाही, म्हणून आईलाही नाही. पॉलिक्लिनिकच्या गोळ्यांनी नुसती गुंगी येते. साताऱ्यात एकजण सुया लावतात, पण अख्ख्या पॅकेजचे पैसे आधी मागतायत. सुयांनी फरक पडतो का? ईसीएचएसमधून (माजी सैनिकांची आरोग्य योजना) पैसे परत मिळतात का? शनिवारपर्यंत त्यांना कळवायचंय. अनुभव असेल त्यांनीच लिहा.

सुभेदार_निवृत्त
वय किती? शुगर आहे का? गोळी कोणती? दुखणं कधीपासून? यातलं काहीच लिहिलेलं नाही. पैशांचं म्हणाल तर रेफरल (पॉलिक्लिनिकची पुढे पाठवायची चिठ्ठी) न घेता बाहेर उपचार केले की बिल अडकतं. आधी मेडिकल ऑफिसरना भेटा, काय मिळेल ते लेखी घ्या. तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

निसर्गवेडी
तळव्याची आग म्हणजे पित्त. काशाच्या वाटीने गाईचं तूप लावून झोपताना दोन्ही तळवे घासा. माझ्या सासऱ्यांना त्यानेच झोप लागायला लागली. सोबत अश्वगंधा द्या, त्याने अपाय काहीच नाही.

तडवळेकर
ताई, उजवा तळवा नाहीये. पाय गुडघ्याखाली गेलाय. २००२ ला, ऑपरेशन पराक्रमच्या वेळी, राजस्थान सीमेवर सुरुंग काढताना. पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरचा (कृत्रिम अवयव केंद्र) पाय लावतात. वय ५४. शुगर नाही. गोळी प्रीगॅबालिन, नसांच्या दुखण्यावरची. आता सुयांचं सांगा कोणीतरी.

फिजिओ_मिरज
दादा, हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. याला फँटम पेन म्हणतात. पाय गेला तरी मेंदूतला त्या पायाचा नकाशा जात नाही, तुटलेल्या नसाही संदेश पाठवत राहतात. दुखणं खरंच असतं, आण्णांना भास होतोय असं घरात कोणी म्हणू नका. आता मला सांगा: दुखतं ते नसलेल्या बोटांतच, की स्टंपच्या (उरलेल्या पायाच्या) टोकालाही? टोकावर एका जागी दाबलं की करंट बसतो का? सॉकेट (कृत्रिम पायाची खोबण) सैल किंवा घट्ट झालंय का? न्यूरोमा (तुटलेल्या नसेच्या टोकाची गाठ) किंवा सॉकेटचं घासणं असेल तर त्याचा उपाय वेगळा.

आणि अश्वगंधा अपायकारक नाही हे चूक आहे. त्याने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, प्रमाण कमी असलं तरी. आधीच गुंगीची गोळी चालू आहे, त्यात भर नको.

एडिसनकर
मी न्यू जर्सीत असतो. इथे माजी सैनिकांच्या सरकारी आरोग्यसेवेत अ‍ॅक्युपंक्चर, योग, ध्यान, ताई ची, बायोफीडबॅक असे उपचार २०१७ पासून रीतसर मिळतात. कानाला बारीक सुया लावायची 'बॅटलफील्ड अ‍ॅक्युपंक्चर' ही पद्धत तर हवाई दलाच्याच डॉक्टरने काढली. माझ्या शेजाऱ्याची पाठ त्याने हलकी झाली. जरूर करा.

सुभेदार_निवृत्त
पाठ वेगळी, तुटलेला पाय वेगळा. तिथे डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालतं. इथे कोण, कुठे शिकलेला, सुई नवी उघडतो का, हे कोण बघणार? आणि पैसे आधी मागणाऱ्याकडे मी तरी माझ्या माणसाला पाठवणार नाही.

एडिसनकर
मी त्या माणसाची शिफारस केलेली नाही. पद्धत वाईट नाही एवढंच म्हणतोय.

साधक
इगतपुरीला दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला पाठवा. वेदनेकडे तटस्थपणे बघायला शिकलं की वेदनेची पकड सुटते. फी नाही.

फिजिओ_मिरज
ध्यानाला माझा विरोध नाही, पण दहा दिवस मौन आणि तासन्‌तास बैठक इथे सुरुवातीलाच नको. स्फोटाची स्वप्नं पडत असतील तर एवढ्या शांततेत ती उसळून वर येऊ शकतात. आण्णा झोपेत दचकतात का?

पेन्शन_मार्गदर्शक
अपंगत्व पेन्शनचं राउंडिंग ऑफ झालंय का? टक्केवारी ५० च्या खाली असेल तर ५० धरतात, ५० ते ७५ ला ७५. पीपीओ (पेन्शनचा आदेश) तपासा, पुष्कळांचं राहून जातं.

तडवळेकर
पेन्शन ठीक आहे, तो प्रश्नच नाही. टोकाला दाबून पाहिलं, करंट वगैरे नाही. दुखतात ती बोटंच. सॉकेट गेल्या वर्षी बदललं. दचकतात, ओरडतात. दिवाळीत दारं लावून आत बसतात. पण मनाच्या डॉक्टरकडे चला म्हटलं की उठून जातात.

फिजिओ_मिरज
मग माझं मत सरळ सांगते. सुयांचा फँटम पेनवरचा पुरावा तुटपुंजा आहे. त्याआधी आरसा करून बघा. व्ही. एस. रामचंद्रन यांनी नव्वदच्या दशकात मांडलेली पद्धत. २००७ साली अमेरिकेत वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयातल्या पाय गमावलेल्यांवर चाचणी झाली: रोज १५ मिनिटं, ४ आठवडे. आरशात बघणाऱ्या सहाही जणांचं दुखणं कमी झालं, झाकलेल्या आरशासमोर बसलेल्या सहांपैकी एकाचंच. चाचणी लहान होती, आणि गुण सगळ्यांनाच येतो असं नाही. पण खर्च आरशाचा.

पाय पसरून बसवा, मधे आरसा उभा. डावा पाय सावकाश हलवायचा, आरशात बघत उजवाही तसाच हलतोय असं मनात धरायचं. धडधाकट पाय दिसल्यावर त्या चाचणीत दोघांना भरून आलं होतं. पहिल्या वेळी तुम्ही शेजारी बसा. पुण्याला लिंब सेंटरमध्ये दाखवलंत तर नीट शिकवून घेता येईल. गोळी मनाने बंद करू नका, गुंगीचं डॉक्टरांना सांगून डोस बदलून घ्या.

सुभेदार_निवृत्त
ओरडण्याचं अंगावर काढू नका. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, फोन फुकट. डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या एएफएमसीत (सैन्यदलांचं वैद्यकीय महाविद्यालय) फौजींसाठी त्यांचा वेगळा कक्ष सुरू झालाय. दवाखान्यात जायला नको म्हणणारा फौजी फोनवर बोलतो. आण्णांना द्या माझा नंबर, मेसेज करतो. पलटणीतल्या माणसाशी आधी बोलू देत.

निसर्गवेडी
डाव्या पायाला तूप चालेल ना? सगळा भार त्याच्यावरच असणार.

फिजिओ_मिरज
डाव्याला खुशाल लावा. पण तेलकट तळव्याने फरशीवर उभं राहू देऊ नका, पडतील.

तडवळेकर
सुयावाल्याला 'नाही' म्हणून कळवलं. सोमवारी पॉलिक्लिनिकला जातोय, लिंब सेंटरचं रेफरल मागतो. सुभेदारसाहेब, मेसेज केलाय. आरसा केवढा लागेल?

फिजिओ_मिरज
गुडघ्यापासून बोटांपर्यंत अख्खा पाय दिसेल एवढा. जुन्या कपाटाच्या दाराचा चालेल, कडांना जाड टेप लावा.