सोयीचा ध्वज की भाड्याचा बावटा?

ओसरी
एका दिवाळी अंकासाठी लेखाचा अनुवाद करते आहे आणि आठवडाभर दोन शब्दांपाशी अडले आहे. विषय राष्ट्र-राज्याचा (इंग्रजीतलं 'नेशन-स्टेट', म्हणजे सार्वभौम देश) ऱ्हास आणि बदलती जागतिक भांडवलशाही. त्यातला मला सगळ्यात आवडलेला भाग व्यापारी जहाजांचा आहे. मालक एका देशाचा, नोंदणी आणि झेंडा भलत्याच देशाचा, खलाशी तिसऱ्याच देशाचे. अशा झेंड्याच्या इंग्रजी नावात ('फ्लॅग ऑफ कन्व्हीनियन्स') 'सोय' आहे, म्हणून मी 'सोयीचा ध्वज' लिहिलं.

परवा हा भाग काकांना वाचून दाखवला. काका ३१ वर्षं परदेशी जहाजांवर होते, शेवटची काही वर्षं सारंग, म्हणजे खलाशांचे म्होरके, म्हणून. ते म्हणाले, "सोयीचा म्हणजे कुणाच्या सोयीचा? आमच्या तर नव्हता." मग म्हणाले, "आणि ध्वज काय? बावटा म्हण." 'राष्ट्र-राज्याचा ऱ्हास' ऐकून तर चिडलेच. "ऱ्हास कसला? पोर्टात कस्टमचा माणूस जहाजावर चढला की कॅप्टनसुद्धा उठून उभा राहायचा."

तर प्रश्न दोन. या झेंड्याला काय म्हणावं? आणि 'ऱ्हास' बरोबर आहे का?

शुद्धलेखा
'सुविधा-ध्वज' म्हणा. वैचारिक लेखात तत्सम शब्दांची एक साखळी असते. ज्या देशाचा झेंडा त्याला 'ध्वज-राज्य' म्हणता येतं, मग 'ध्वजांतर', 'ध्वज-नोंदणी' असे पुढचे शब्द आपोआप घडतात. 'बावटा'पासून काही घडत नाही. शिवाय बावटा म्हटलं की वाचकाला लाल बावटा आठवणार. काकांचा अनुभव मोठाच आहे, पण पारिभाषिक शब्द अनुभवावर नाही, व्यवस्थेवर बेततात.

दर्यावर्दी
शुद्धलेखाताई, 'बावटा' नुसता मोर्चातला शब्द नाही. मी ज्या बंदरात वाढलो तिथे पावसाळ्यात सकाळचा पहिला प्रश्न असायचा, "आज बावटा किती नंबरचा?" तीन नंबर लागला की होड्या सुटायच्या नाहीत. किनाऱ्यावरच्या माणसाला बावटा सांगतो तेव्हा काहीतरी कळतं. ध्वजाला आपण वंदन करतो.

आता मूळ गोष्टीकडे. २०२१ च्या मार्चमध्ये सुएझ कालव्यात आडवं अडकलेलं 'एव्हर गिव्हन' सगळ्यांना आठवत असेल. मालक जपानी, चालवणारी कंपनी तैवानची, तांत्रिक व्यवस्थापन जर्मन, बावटा पनामाचा आणि जहाजावरचे पंचवीसच्या पंचवीस जण भारतीय. त्या सहा दिवसांत पनामाचं नाव कुणाच्या तोंडी आलं? या पंचवीस जणांशी पनामाचा संबंध कागदापुरता. १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारात कलम ९१ आहे, जहाज आणि त्याचं राष्ट्र यांच्यात 'खरा संबंध' असला पाहिजे असं सांगणारं. खरा म्हणजे किती खरा, याची व्याख्या मात्र त्यात नाही. मंगोलियाला समुद्रकिनारा नाही, तरी समुद्रावरच्या जहाजांवर मंगोलियाचा बावटा असतो.

हे नवंही नाही. १९२२ मध्ये अमेरिकेत दारूबंदी असताना दोन अमेरिकी प्रवासी जहाजं पनामाच्या झेंड्याखाली गेली, म्हणजे उतारूंना दारू देता येईल. पुढे कर, मजुरी आणि सुरक्षेचे नियम यांच्यासाठी तीच वाट मळली. म्हणून माझं मत 'भाड्याचा बावटा'. पैसे देऊन घेतलेली वस्तू आहे, हे शब्दातच दिसू दे.

निरुक्तप्रेमी
बावट्यावरून आठवलं. गुजरातीत झेंड्याला 'वावटो' म्हणतात. आपल्याकडे वावटळ, वावडी म्हणजे पतंग, दोन्हींत वारा आहे. माझा तर्क असा की मूळ 'वायुपट', वाऱ्यावरचं कापड, त्याचा बावटा झाला. खात्री नाही, पण 'झेंडा' आणि 'निशाण' यांच्यापेक्षा हाच शब्द समुद्राच्या जवळचा आहे एवढं नक्की. 'निशाण' तर फारसी आहे.

शुद्धलेखा
हा तर्क मला पटत नाही. मराठीत आरंभीचा 'व' सहसा 'ब' होत नाही. तुमच्याच उदाहरणांत वावटळ आणि वावडी 'व' धरून राहिल्या आहेत. मग एकट्या बावट्याचाच 'ब' का व्हावा? बाहेरून आला असेल तर तसं म्हणा. आणि 'निशाण' फारसी म्हणून दूर ठेवायचं असेल, तर 'भांडवलशाही'तल्या 'शाही'चं काय करणार?

खारेपाट
'शाही' हा मुद्दा मोठा आहे, त्यावर थांबायला हवं. हिंदीत 'पूंजीवाद' आहे. वाद म्हणजे विचार, मत. मराठीत आपण 'समाजवाद' म्हणतो पण 'भांडवलवाद' म्हणत नाही, 'भांडवलशाही' म्हणतो. निजामशाही, आदिलशाही, लोकशाही यांच्याच रांगेत. म्हणजे मराठीने भांडवलाला आधीपासूनच राज्यकर्ता मानलं आहे. 'भांड' या संस्कृत शब्दाचा एक अर्थ व्यापाऱ्याचा माल. तो माल जहाजावर चढला की कुठल्या शाहीत असतो, हाच तर या लेखाचा प्रश्न आहे.

दुसरं, 'भाड्याचा बावटा' मला अपुरा वाटतो. भाडं घरमालक घेतो आणि घराचा कारभार त्याच्याच हातात असतो. पनामासारखाच बावटा देणाऱ्या लायबेरियाचं तसं नाही. तिथली जहाज-नोंदणी १९४८ मध्ये उभी केली ती अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री एडवर्ड स्टेटिनियस यांच्या पुढाकाराने. आज तिचा कारभार एक खाजगी कंपनी अमेरिकेतल्या व्हर्जिनियातून पाहते. लायबेरियात यादवी युद्ध चालू होतं, राजधानी मोनरोव्हियात गोळीबार चालू होता, तेव्हाही जहाजांची नोंदणी थांबली नाही. सरकारने आपला एक अधिकार ठरलेल्या रकमेच्या बदल्यात दुसऱ्याच्या हाती द्यायचा आणि त्याने तो चालवायचा, याला आपल्याकडे जुना शब्द आहे. इजारा. मक्ता. आमच्या कोकणात खोती.

खोत सरकारात ठरलेला वसूल भरायचा आणि कुळांकडून काय घ्यायचं ते तोच ठरवायचा. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक आणलं, कायदा व्हायला १९४९ उजाडलं. माझ्या आजोबांनी त्या कायद्यानंतर पहिल्यांदा स्वतःच्या नावाचा सातबारा पाहिला. म्हणून हा शब्द मी सहज वापरत नाही. 'इजाऱ्याचा बावटा' म्हणा.

दर्यावर्दी
इजारा जवळचा आहे, पण खोतीत कुळ नाडलं जायचं. इथे नोंदणी करणारा जहाजमालक नाडला जात नाही, तोच सूट मिळवतो.

खारेपाट
कुळ म्हणजे खलाशी, जहाजमालक नव्हे.

ओसरी
'इजारा' टिपून घेतला. पण दुसरा प्रश्न राहूनच गेला. संपादकांनी हस्तलिखितावर पेन्सिलीने विचारलं आहे, "राष्ट्र-राज्य म्हणजे महाराष्ट्र राज्य का?" मराठी वाचकाला 'राज्य' म्हटलं की मुंबई राजधानी असलेलं राज्य दिसतं. काय करू?

निरुक्तप्रेमी
संविधानाच्या मराठी पाठातच दोन्ही अर्थ आहेत. पहिल्या अनुच्छेदात भारत हा राज्यांचा संघ, आणि पुढे 'राज्य धोरणाची निदेशक तत्त्वे', जिथे राज्य म्हणजे एकूण शासनसंस्था. जुन्या ग्रंथांत तर नातं उलटं आहे. मनुस्मृतीतल्या राज्याच्या सात अंगांत 'राष्ट्र' हे एक अंग आहे, म्हणजे प्रदेश आणि तिथली प्रजा. कौटिल्य तिथेच 'जनपद' म्हणतो. राष्ट्र हे मूळ आणि राज्य हा त्याचा देह, ही कल्पना युरोपातून आली. तेव्हा 'राष्ट्र-राज्य' असा जोड मराठीत टिकायचा नाही. सरळ 'देश' म्हणा.

शुद्धलेखा
'देश' म्हटलं की घाटावरचा मुलूख. देशावर, कोकणात. तो शब्दही एकार्थी नाही.

गुहागरकर
'ऱ्हास' या शब्दावर आक्षेप घेण्याची काकांची कारणं मला समजतात. आमच्या तालुक्यात दाभोळचा वीजप्रकल्प आला तेव्हा मी कॉलेजात होतो. तो उभारणाऱ्या एन्रॉन या अमेरिकी कंपनीची वीज घेणार राज्य वीज मंडळ, पैशाची हमी राज्य सरकारची आणि त्या हमीवर पुन्हा केंद्र सरकारची प्रतिहमी. १९९५ मध्ये नव्या सरकारने करार रद्द केला, थोड्याच काळात फेरवाटाघाटी होऊन तो नव्याने झाला. २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. आंदोलनात आमच्याकडच्या बायकांना लाठ्या बसल्या, त्या आपल्याच पोलिसांच्या. म्हणजे राज्य कुठेही गेलं नव्हतं. लोकांसमोर ते भक्कम उभं होतं, सही करताना वाकलं होतं. याला ऱ्हास म्हणायचं?

मेळघाट
पटलं. दुसरं उदाहरण देतो. २०१६ मध्ये युरोपीय आयोगाने आयर्लंडला सांगितलं की ॲपलकडून १३ अब्ज युरो कर वसूल करा. आयर्लंड सरकार तो पैसा नको म्हणून कोर्टात गेलं. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये निकाल सरकार आणि कंपनी या दोघांच्या विरोधात लागला, आणि पैसे सरकारला घ्यावे लागले. कर न घेण्यासाठी सरकार भांडतं तेव्हा ते दुबळं नसतं, कुणाच्या तरी बाजूचं असतं. आपल्याकडे याला शब्द होता, 'कंपनी सरकार'. १७६५ मध्ये बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल गोळा करण्याचा अधिकार, ईस्ट इंडिया कंपनीला मिळाली तेव्हा कंपनी आणि सरकार एकत्र आले. 'खाउजा'च्या (खाजगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण) काळात आपण नवे शब्द शोधत बसलो आणि हा विसरलो.

दर्यावर्दी
तरीही मी 'ऱ्हास' पूर्ण सोडणार नाही, आणि याचं कारण घरातलं आहे. माझा धाकटा भाऊ एका तेलवाहू जहाजावर होता. मालकाने पैसे देणं थांबवलं. जहाज एका परक्या बंदराबाहेर नांगर टाकून सात महिने उभं. पगार नाही, शेवटी शेवटी पिण्याचं पाणी मोजून. झेंडा एका चिमुकल्या बेटाचा. तिथल्या नोंदणी कार्यालयाला भावाने किती ईमेल पाठवले याची गणती नाही, उत्तर एकदाही आलं नाही. ज्या एजंटाने भरती केलं होतं त्याने फोन उचलणं बंद केलं. आम्ही ज्या सरकारी कार्यालयात खेपा घातल्या तिथे प्रत्येक वेळी एकच सांगितलं, "जहाज आपल्या झेंड्याचं नाही." शेवटी खलाशांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या माणसांनी त्याला सोडवलं.

तुमचं म्हणणं खरं आहे, राज्य कुठेतरी असतंच. सुएझ मोकळा झाल्यावर 'एव्हर गिव्हन'ला इजिप्तने नुकसानभरपाईसाठी जुलैपर्यंत अडकवून ठेवलं. पण माझ्या भावाच्या वाट्याला कुठलंच राज्य आलं नाही. त्याच्या बाजूने पाहिलं तर याला ऱ्हास नाही तर काय म्हणू?

खारेपाट
दादा, वाचून फार वाईट वाटलं. भाऊ आता कसे आहेत?

दर्यावर्दी
बरा आहे. जमिनीवरच काम करतो. आई त्याला बंदराकडे जाऊ देत नाही.

शुद्धलेखा
दर्यावर्दी, 'सुविधा-ध्वज' मी मागे घेते. 'सोय' आणि 'सुविधा' दोन्ही शब्द जहाजमालकाच्या खुर्चीत बसून केलेले आहेत, हे मला आधी दिसलं नाही. 'बावटा' मात्र अजून जड जातो. 'परका ध्वज' चालेल का?

निरुक्तप्रेमी
'परका' म्हटलं की शत्रूचा वाटतो. एक जुनी गोष्ट मांडतो. पोर्तुगीज आपल्या समुद्रात जहाजांना परवाना विकायचे, 'कार्ताझ'. पुढे कान्होजी आंग्र्यांनी आपलं दस्तक घ्यायला लावलं. तेव्हाही व्यापारी दुसऱ्याच्या सत्तेचा कागद विकतच घ्यायचा, पण ज्याच्या तोफा समोर दिसत त्याचा. आता ज्याच्या तोफाच नाहीत त्याचा घेतात. 'दस्तकी बावटा' असं काही जमेल का?

मेळघाट
दस्तक कुणाला कळणार? आजच्या वाचकाला ते दारावर टकटक वाटेल.

ओसरी
सगळ्यांचे आभार. लेख परवा द्यायचा आहे. 'भाड्याचा बावटा' ठेवते आहे आणि 'इजारा' पुढच्या वाक्यात आणते. शीर्षकातल्या 'ऱ्हास'बद्दल माझं मन अजून ठरत नाही. गुहागरकरांचं वाचते तेव्हा खोडते, दर्यावर्दींचं वाचते तेव्हा परत लिहिते.

काल हा सगळा धागा काकांना वाचून दाखवला. भावाची हकीकत ऐकून बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, मागच्या बाजूला जहाजाच्या नावाखाली बंदराचं नाव असतं. लोखंडी अक्षरांवर वर्षातून एकदा पांढरा रंग मारावा लागे, दोरीच्या फळीवर लटकून. त्यांनी नऊ वर्षं 'मोनरोव्हिया' रंगवलं. मोनरोव्हिया त्यांनी कधी पाहिलं नाही, ते जहाजही तिथे कधी लागलं नाही.

त्यांनी विचारलंय, त्या बंदराला मराठीत काय म्हणतात? मी 'मूळ बंदर' म्हटलं तर मान हलवली. कुणाला सुचतंय?