मदत हवी आहे : स्टेनलेसचा नमुना एच केला (अ‍ॅसिडने कोरला), चर दिसतच नाहीत

रात्रपाळी_लॅब : एम.टेक.चं प्रोजेक्ट आहे. तारापूरच्या जुन्या दोन युनिटांसारख्या, उकळत्या पाण्याच्या अणुभट्टीत पाइपांना वेल्डशेजारी तडे का जातात, हा विषय. तुकडा ६५० अंशांवर तासभर ठेवला, पॉलिश केला, ऑक्झॅलिक अ‍ॅसिडमध्ये वीज सोडून एच केला. ग्रेनच्या (धातूतल्या बारीक कणांच्या) कडेला खोल चर हवेत, इथे कणाकणांत नुसत्या पायऱ्या! सोमवारी गाइडना दाखवायचंय. लवकर सांगा.

भट्टीवाला : ग्रेड?

रात्रपाळी_लॅब : स्टेनलेस. शीर्षकातच आहे.

पितळी_डबा : १० टक्के द्रावण, चौरस सेंटिमीटरला १ अँपिअर, दीड मिनिट. आणि नमुना प्लसला जोडलाय ना?

रात्रपाळी_लॅब : प्लसलाच. ग्रेड ३०४.

पातेलंवाली : आमच्या स्टीलच्या पातेल्यात मिठाचे ठिपके पडतात, तेही हेच का?

पितळी_डबा : नाही ताई, ते पिटिंग, मिठाने पडलेले बारीक खड्डे. पाणी उकळल्यावर मीठ घाला.

भट्टीवाला : मूळ प्रश्नाकडे येऊ. मालाच्या सर्टिफिकेटवर कार्बन बघा. ३०४ मध्ये ०.०८ टक्क्यापर्यंत चालतो. तोच ग्रेनच्या कडेला गंज रोखणारं क्रोमियम ओढून कार्बाइड करतो. शेजारच्या पट्टीत क्रोमियम १२ टक्क्यांखाली गेलं की अ‍ॅसिड तिथेच खातं, नि भट्टीत तडाही तिथूनच जातो. कार्बनच नसेल तर चर कुठून येणार?

रात्रपाळी_लॅब : ०.०२१. वर '३०४/३०४एल' लिहिलंय. म्हणजे?

भट्टीवाला : एल म्हणजे कमी कार्बनचा. दोन्ही ग्रेडमध्ये बसणारा, दुहेरी दाखल्याचा माल, बाजारात हाच जास्त. तासाभरात याला काही होत नाही. जास्त कार्बनचा तुकडा शोधा.

निवृत्त_वेल्डर : एल वापरा नि तडे विसरा. आम्ही आयुष्यभर तेच केलं.

पितळी_डबा : काका, फ्रान्समधल्या सिव्हो अणुवीज केंद्रात २०२१ च्या अखेरीस तडे सापडले ते ३१६एलच्याच, म्हणजे कमी कार्बनच्याच पाइपांत.

निवृत्त_वेल्डर : ती दाबाखालच्या पाण्याची भट्टी. इथे विषय उकळत्या पाण्याचा आहे.

पितळी_डबा : मग तर आणखी वाईट! सिव्होसारख्या भट्टीच्या पाण्यात तडे वाढवणारा ऑक्सिजन जवळजवळ नसतो, तरी तडे गेले. वेल्डिंगचा ताण उरतोच की. नुसती धातू बदलून भागत नाही.

उन्हाचा_कवडसा : त्यापेक्षा सौरऊर्जा बरी. ना पाइप, ना तडे.

रात्रपाळी_लॅब : सौरचा धागा वेगळा काढा हो. ०.०६ कार्बनचा ३०४ पुण्यात कुठे मिळेल?

भट्टीवाला : पाइप हवाय की पट्टी? जाडी किती?