इलेक्ट्रिक गिटारसाठी ट्यूनर: मोबाइल, क्लिप की पेडल?

प्रश्न

नमस्कार. मी तीन वर्षांपासून इलेक्ट्रिक गिटार वाजवतो आणि गेल्या वर्षापासून सातारा परिसरातील एका हौशी वाद्यवृंदात साथ करतो. घरी मोबाइलवरील ॲपने तारा लावतो आणि तिथे कधी अडचण आली नाही. गणेशोत्सवातल्या कार्यक्रमांत मात्र दोन गाण्यांच्या मधल्या वेळात निवेदक बोलत असतात, ढोलकी चढवणे चालू असते, आणि मोबाइलचा माइक ते सगळेच ऐकत असल्यामुळे सुई एका जागी ठरत नाही. म्हणून हेडस्टॉकला (गिटारच्या मानेच्या टोकाला) लावायचा क्लिप ट्यूनर घेतला. तो पुष्कळ बरा आहे, परंतु शेजारी बेसचा स्पीकर सुरू असला की जाड ई तारेवर तोही गोंधळतो, आणि तार लावतानाचा आवाज श्रोत्यांपर्यंत जातो तो जातोच.

आता पेडल ट्यूनर, म्हणजे गिटार आणि ॲम्पच्या मध्ये जोडून पायाने चालू-बंद करायचा ट्यूनर, घेण्याचा विचार आहे. एकाची अचूकता ±१ सेंट आणि दुसऱ्याची ±०.१ सेंट अशी लिहिलेली असते. हा फरक प्रत्यक्ष वाजवताना जाणवतो का? ट्रू बायपास (बंद असताना संकेत पेडलच्या सर्किटमधून न नेता थेट पुढे सोडण्याची सोय) नसलेल्या पेडलने गिटारचा आवाज बिघडतो असे म्हणतात, ते कितपत खरे आहे? सहाही तारा एकदम छेडून पाहता येणारा ट्यूनर उपयोगी पडतो का? शिवाय आमच्या वृंदात एक जुनी हार्मोनियम आहे आणि ट्यूनरवर सर्व तारा बरोबर दिसत असूनही तिच्याबरोबर गिटार उतरलेली वाटते. माझ्या गिटारला सिंगल कॉइल पिकअप (तारेचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारा भाग) आणि ट्रेमोलो ब्रिज (दांडीने हलवता येणारा, तारा अडकवायचा भाग) आहे; पुढे ओव्हरड्राइव्ह (आवाज मुद्दाम विकृत करणारा पेडल), डिले (आवाज थोड्या वेळाने पुन्हा ऐकवणारा पेडल) आणि ॲम्प एवढेच आहे.

पहिले उत्तर

रंगमंचासाठी पेडलच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मोबाइल हवेतला आवाज ऐकतो आणि क्लिप लाकडातले कंपन ओळखतो, म्हणून बेसच्या स्पीकरने लाकूड थरथरले की क्लिपही फसतो. पेडलला पिकअपचा संकेत थेट तारेतून मिळतो. आजूबाजूला कितीही गोंगाट असला तरी त्याचा या मापनाशी जवळजवळ संबंध उरत नाही. दुसरा लाभ मला त्याहून मोठा वाटतो. पाय दाबताच गिटारचा आवाज पूर्ण बंद होतो आणि निवेदन सुरू असताना कोणालाही त्रास न देता तारा लावता येतात. बॉस टीयू-३ सारख्या पेडलवर मात्र ‘आउटपुट’ आणि ‘बायपास’ अशी दोन वेगळी छिद्रे असतात. पुढची वायर ‘बायपास’मध्ये जोडली तर तारा लावताना आवाज बंद होत नाही, आणि पेडलच बिघडला आहे असा अनेकांचा समज होतो.

ट्यूनर साखळीत सर्वांत आधी, म्हणजे ओव्हरड्राइव्हच्याही अलीकडे ठेवावा, कारण विकृत झालेल्या किंवा डिलेने दुणावलेल्या आवाजातून मूळ स्वर शोधणे त्याला अवघड जाते.

बायपासबद्दल लोक फार घाबरतात. साध्या पिकअपचा संकेत लांब वायरीतून जाताना वरचे, धारदार स्वर गमावतो. वायरीच्या प्रत्येक मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड विद्युतधारिता (कपॅसिटन्स) वाढते असे धरले तरी पेडलपर्यंत सहा आणि पुढे ॲम्पपर्यंत सहा मीटर वायरीत हा परिणाम कानाला सहज कळतो. बफर (संकेत लांब वायरीतून न्यायला सक्षम करणारे छोटे सर्किट) असलेला ट्यूनर सुरुवातीलाच असेल तर त्याच्या पुढच्या वायरीचे हे नुकसान टळते. टीयू-३ मध्ये बफर आहे आणि तुमच्या मांडणीत तो हिताचाच आहे. पुढे कधी जुन्या पद्धतीचा फझ (आवाज फार जास्त विकृत करणारा) पेडल घेतलात, तर तो बहुधा बफरच्या आधी ठेवावा लागेल, कारण अशा फझला पिकअप थेट जोडलेला हवा असतो.

दुसरे उत्तर

मी गिटार दुरुस्तीचे काम करतो, त्यामुळे अचूकतेच्या आकड्यांबद्दल लिहितो. एका अर्धस्वराचे १०० भाग केले की एक सेंट होतो. जाड ई तार ८२.४१ हर्ट्झची, तिथे एक सेंट म्हणजे जेमतेम ०.०५ हर्ट्झ. एवढ्या फरकाच्या दोन मूळ स्वरांचे एक आंदोलन (एकत्र वाजताना ऐकू येणारा आवाजाचा एक चढउतार) पूर्ण व्हायला सुमारे २१ सेकंद लागतील, आणि गाण्यात कोणताही स्वर इतका वेळ टिकत नाही. वरच्या उपस्वरांत आणि ओव्हरड्राइव्हमध्ये फरक थोडा लवकर कळतो हे खरे. तरीही बोट फ्रेटवर किंचित जास्त दाबले गेले तर याच्या कितीतरी पट फरक पडतो. कार्यक्रमासाठी ±१ सेंट पुरेसा आहे.

±०.१ सेंटचा स्ट्रोब ट्यूनर माझ्या टेबलावर असतो, कारण इंटोनेशन (सगळ्या फ्रेट्सवर स्वर बरोबर यावा म्हणून तारेची लांबी जुळवणे) लावताना त्याची खरी किंमत कळते. या पद्धतीचे मूळ जुने आहे. अमेरिकेतील कॉन कंपनीने १९३६ मध्ये स्ट्रोबोकॉन आणला, त्यात फिरणाऱ्या चकतीवर स्वराच्या गतीने दिवा लुकलुकत असे आणि स्वर जुळला की चकतीवरची नक्षी स्थिर दिसे. आजच्या स्ट्रोब पेडलचा पडदाही त्याच रीतीने वाचायचा असतो: नक्षी एका बाजूला सरकली तर स्वर चढा, दुसऱ्या बाजूला सरकली तर उतरलेला. इंटोनेशनसाठी बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबून वाजवलेला स्वर जुळले पाहिजेत. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) मागे न्यावे आणि उतरलेला असेल तर पुढे आणावे. हे नीट नसेल तर कितीही महागडा ट्यूनर घेतला तरी वरच्या फ्रेट्सवर गिटार बेसूरच राहील.

तार लावताना मानेजवळचा पिकअप निवडा, टोनचे बटण थोडे कमी करा आणि तार हलकेच छेडा. जोराने छेडलेली तार पहिल्या क्षणी चढी असते व मग खाली बसते, म्हणून सुई स्थिरावल्यावरच वाचावी. स्वर नेहमी खालून वर आणावा, म्हणजे खुंटीतला आणि नटमधला (मानेच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीतला) ढिलेपणा मागे राहत नाही. खुंटी फिरवताना ‘टिक्’ असा आवाज येऊन स्वर उडी मारत असेल, तर तार नटच्या खाचेत अडकते आहे. तिथे पेन्सिलचे शिसे घासून पाहावे.

तानपुऱ्याची सवय असलेल्या कानाला आणखी एक अडचण येते. तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गांधार हा गिटारच्या फ्रेटवरील गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट उतरा असतो. त्यामुळे ई मेजर कॉर्ड धरली की तिसरी तार चढी वाटते, विद्यार्थी ती कानाने उतरवतात, आणि मग सी कॉर्ड बिघडते. इथे ट्यूनरवर विश्वास ठेवावा.

तिसरे उत्तर

तुमचा हार्मोनियमचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण वृंदातले ते एकच वाद्य ऐनवेळी जुळवून घेता येत नाही. ट्यूनर मूळ स्थितीत ए = ४४० हर्ट्झ धरतो. जुनी हार्मोनियम ४४४ वर असेल तर ती तुमच्यापेक्षा सुमारे १६ सेंट चढी आहे, आणि तेवढा फरक कोणत्याही श्रोत्याला खटकेल. एकच सूर-संच उघडा ठेवा, भाता सम हवेने चालवा आणि मधल्या सप्तकातली पांढरी सहा (म्हणजेच ए) दाबून शांत खोलीत मोबाइलवर मोजा. पांढरी एक आणि पांढरी पाचही मोजून पाहा, कारण जुन्या पेटीत सगळे सूर सारखे चढलेले असतातच असे नाही. मग ट्यूनरचे कॅलिब्रेशन त्या आकड्यावर न्यावे. टीयू-३ मध्ये ते ४३६ ते ४४५ एवढेच बदलते, म्हणून खरेदीच्या आधी पेटी मोजा. बेस गिटार आणि कीबोर्डही त्याच आकड्यावर आणावे लागतील, नाहीतर भांडण फक्त दुसरीकडे सरकेल.

चौथे उत्तर

सहा तारा एकदम पाहण्याबद्दल: टीसी इलेक्ट्रॉनिकचा पॉलीट्यून २०१० मध्ये आला, तेव्हापासून ही सोय पेडलमध्ये मिळते. एकदा हात फिरवला की कोणती तार हलली ते क्षणात कळते, हा त्याचा खरा उपयोग. नेमके लावायला मात्र एकेक तारच छेडावी लागते. तुमचा ट्रेमोलो तरंगता असेल तर एक तार चढवताच इतर किंचित उतरतात, आणि ते सारे एका नजरेत दिसणे मला मोलाचे वाटते. ब्रिज लाकडाला टेकवून ठेवला असेल तर या सोयीसाठी जास्त पैसे देऊ नयेत. पडद्याची चमक मात्र उन्हात पाहूनच घ्या, कारण दुपारच्या कार्यक्रमात मंद दिवे दिसतच नाहीत. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर वापरणार असाल तर काम झाल्यावर इनपुटमधली वायर काढून ठेवा, नाहीतर पेडल चालूच राहतो आणि बॅटरी उतरते.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. काल तालमीच्या आधी पेटी मोजली. पांढरी सहा ४४३ वर आहे, पांढरी एक आणि पांढरी पाच जवळजवळ तितक्याच चढ्या आहेत. मोबाइलवरच ४४३ ठेवून गिटार लावली, कीबोर्ड व बेसही तिथे आणले, आणि गेले वर्षभर खटकणारी गोष्ट पहिल्याच गाण्यात नाहीशी झाली. माझा ब्रिज टेकवलेला असल्यामुळे बफर असलेला साधा पेडल घेत आहे. तिसरी तार नटमध्ये खरोखरच ‘टिक्’ करते. ट्यूनर येईपर्यंत त्या खाचेत पेन्सिल घासून पाहतो.