एकदा नाही, दोनदा बदललं की कमिशन बुडतं

अ‍ॅफिलिएट लिंक म्हणजे जिच्यावरून कुणी खरेदी केली की तुम्हाला कमिशन मिळतं ती लिंक. ब्लॉगच्या एडिटरने अशा लिंकमधल्या '&' ला 'एएमपी' (amp;) चिकटवलं की कमिशन जातं, असं म्हटलं जातं. पण एकदा चिकटवलं तर काही बिघडत नाही. एचटीएमएलचा, म्हणजे वेबपानाच्या कोडचा, नियमच तसा आहे, ब्राउझर वाचताना त्याचं पुन्हा साधं '&' करतो. घोळ पुढे होतो. एडिटरच्या व्हिज्युअल (पान दिसतं तसं) आणि कोड या दोन रूपांत ये-जा करताना काही एडिटर त्यावर पुन्हा एकदा एएमपी चढवतात. मग दुकानाच्या सर्व्हरला तुमचा आयडी सांगणाऱ्या 'टॅग'ऐवजी 'एएमपी;टॅग' पोचतं. पान व्यवस्थित उघडतं, ग्राहक वस्तू घेतोही, पण विक्री तुमच्या नावावर लागत नाही. कुठेच एरर दिसत नसल्याने कुणाला पत्ता लागत नाही, आणि मेहनतीने लिहिणाऱ्याच्या हक्काचे पैसे जातात. हे खरोखर चीड आणणारं आहे.

एडिटरमध्ये बघून हे कळणार नाही. प्रकाशित पानावर जा, लिंकवर राइट क्लिक करून पत्ता कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे एएमपी दिसलं तर लिंक दोनदा बदललीय.

एडिटर लिंकला 'नोरेफरर' ही सूचना जोडतो, त्यानेही कमिशन बुडेल ही भीती मात्र बहुतेक वेळा अनाठायी आहे. वाचक कुठून आला एवढंच ते लपवतं. अ‍ॅमेझॉनसारख्या ठिकाणी आयडी लिंकमध्येच असतो, त्याला धक्का लागत नाही.

अ‍ॅफिलिएट जाहिरातीच्या कोडसोबत येणारं १×१ पिक्सेलचं (डोळ्यांना न दिसणारं) चित्र एडिटरने उडवलं, तर जाहिरात किती वेळा दिसली ते मोजलं जात नाही, क्लिक मोजले जातात. तरीही कोड पेस्ट करताना एडिटरमधला कस्टम एचटीएमएल ब्लॉकच (कोड टाकायचा चौकोन) वापरा, आणि नंतर तो व्हिज्युअलमध्ये उघडू नका.